कंट्रोलचा तांदूळ

डॉ. शालन गावडे यांनी मला कंट्रोल आणायला सांगितला आणि मी दहा किलो तांदूळ घेऊन आलो.

नोकरीचा दुसरा दिवस होता. त्याआधी नऊ वर्षं मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर्सला होतो. नट-बोल्टच्या सगळ्या जाती मला डोळे मिटून ओळखता येत. त्या कंपनीनं माणसं कमी करायला घेतली तेव्हा सुरुवात माझ्यापासून केली, यावरून तिथं माझी कदर किती होती ते कळावं. मग मी भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत चिकटलो. तिथं आजार तपासायची कार्डं बनायची. कोविडात सगळ्यांनी नाकात काडी घालून बघितली तसली. एक रेघ आली तर सुटलो, दोन आल्या तर अडकलो.

गावडे मॅडम तिथल्या शास्त्रज्ञ. दुपारी चारला त्यांनी लॅबच्या दारातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "बालाजीराव, कंट्रोल संपत आलाय. उद्या सकाळी लागेल."

मी परभणीकडचा. आमच्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. मी विचार केला, बाई साध्या सुती साडीत असतात, डब्यात भाकरी आणतात, म्हणजे रेशनचा तांदूळ खात असणारच. आणि मोठ्या हुद्द्यावरची माणसं घरची कामं स्टोअर्सवाल्याच्या गळ्यात मारतात, हा माझा चाकणचा अनुभव. दुसऱ्याच दिवशी मर्जीत शिरायची संधी चालून आली होती. वहिनीचं केशरी कार्ड घेतलं. दुकानात अंगठा तिचाच लागतो म्हणून तिलाही मोटरसायकलवर बसवलं. तासभर रांगेत उभा राहिलो आणि सकाळी पिशवी लॅबच्या दारात नेऊन ठेवली.

"हे काय?"

"कंट्रोल, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. खाली बसल्या, पिशवीचं तोंड सोडलं, मूठभर तांदूळ तळहातावर पसरून उजेडात धरला.

"पोरकिडे आहेत," त्या म्हणाल्या. "कार्ड कुणाचं?"

"वहिनीचं."

"तिच्या लेकरांच्या ताटातलं उचलून आणलंत. आत्ता नेऊन द्या. परत आलात की माझ्यासमोर बसा, कंट्रोल म्हणजे काय ते सांगते. असं दारात उभं राहून नाही. त्याला अर्धा तास लागतो."

बरोबर अर्धा तास लागला. ज्या नमुन्याचं उत्तर आपल्याला आधीच पक्कं माहीत असतं, तो कंट्रोल. एका नळीत आजार आहे हे पक्कं माहीत, तो पॉझिटिव्ह कंट्रोल. दुसरीत काही म्हणजे काहीच नाही हे पक्कं माहीत, तो निगेटिव्ह. नवं कार्ड तयार झालं की आधी त्याला हे दोन प्रश्न घालायचे. तिथं चुकलं तर पुढं त्याचं काहीही ऐकून घ्यायचं नाही.

"म्हणजे आमच्या चाकणचा मास्टर पीस," मी म्हणालो. "गेज बरोबर आहे का बघायला ठेवतात तो."

मॅडमनी चष्मा वर केला. "डोकं आहे म्हणजे. वापरात नव्हतं एवढंच."

तिथून आमची ओळख सुरू झाली ती सात वर्षं पुरली.

मॅडम मावळातल्या, तळेगावच्या पलीकडं डोंगराला लागून असलेल्या गावच्या. राहायला चऱ्होलीत, एका उंच इमारतीत सातव्या मजल्यावर. जुनी स्कूटर चालवायच्या आणि हेल्मेट काढायला विसरून तशाच लॅबपर्यंत यायच्या. गावात पीएचडी झालेल्या त्या पहिल्या, त्यामुळं गावाला गेल्या की निम्मं गाव गुडघे दाखवायला यायचं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "मी आजाराची डॉक्टर आहे, आजाऱ्याची नाही." गुडघेवाले ऐकायचे नाहीत. मग त्या गुडघा बघायच्या आणि सांगायच्या, दवाखान्यात जा.

त्यांच्या घरच्या लोणच्याच्या बरणीवर बॅच नंबर असे आणि उघडल्याची तारीख. चहावाल्यानं "आज चहा फक्कड झालाय" म्हटलं की विचारायच्या, "कालच्यापेक्षा का परवाच्यापेक्षा?" लॅबमधल्या मुलींनी "मॅडम, मला असं वाटतं" म्हणायची चोरी होती. "वाटतं म्हणजे काय? किती वेळा केलं?" लग्न का केलं नाही असं एकदा मालकांच्या बायकोनं विचारलं, तर म्हणाल्या, "पुरेसे नमुने मिळाले नाहीत." ते मालकांच्या बायकोला विनोद वाटला. मला अजून खात्री नाही.

त्यांच्याकडं तीन भाषा होत्या. तपासणीला येणाऱ्या साहेबांशी इंग्रजी, आमच्याशी पुस्तकातली मराठी, आणि खरंखुरं बिनसलं की गावची. मॅडम "नाही" म्हणाल्या तर बोलायला थोडी जागा असे. "न्हाई" म्हणाल्या की आपली खुर्ची उचलून चालू लागावं.

माझ्यासाठी त्यांनी एक खास काम काढलं होतं. कार्डासोबत जो माहितीचा कागद जातो, तो छापण्याआधी माझ्या हातात द्यायच्या. मी वाचायचा आणि सांगितल्याप्रमाणं करून दाखवायचं. मला जमलं तर कागद छपाईला. नाही जमलं तर पुन्हा लिहायच्या. मी घरी सांगायचो की माझ्या सहीशिवाय कंपनीचा कागद हलत नाही. एकदा मी "थेंब नळीने सोडावा" हे वाचून नळाखाली कार्ड धरलं. मॅडम पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. मग त्यांनी ते वाक्य खोडून चित्र काढलं.

पण हे सगळं बाजूचं. त्यांचा जीव होता एकाच कार्डात, लेप्टोच्या. भातखाचरात उंदीर मुततात, लावणी करणाऱ्याच्या पायाला चीर असते, तिथून लेप्टोचा आजार आत शिरतो. ताप येतो, डोळे पिवळे होतात, घरचे म्हणतात कावीळ. वेळेत कळलं तर साध्या औषधानं माणूस उठून बसतो. न कळलं तर काय होतं ते मॅडमनी अकरावीत असताना घरातच बघितलं होतं.

ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी माझ्या पोराच्या काविळीसाठी माळ आणायला निघालो होतो म्हणून. आपल्याकडं काविळीला गळ्यात मुळ्यांची माळ घालतात. माळ दिवसेंदिवस लांबत जाते आणि लांबली की म्हणतात, कावीळ उतरली. मॅडमच्या वडिलांना तशी माळ घातली. लावणीचे दिवस होते, दवाखाना लांब होता.

"मी माळा देणाऱ्या बाबाकडनं दोन माळा आणल्या," मॅडम म्हणाल्या. "एक वडलांच्या गळ्यात. दुसरी खुंटीला."

"खुंटीला कशाला?"

"बघायला. चार दिवसांनी दोन्ही माळा मोजल्या. दोन्ही सारख्याच लांबल्या होत्या. मुळ्या सुकल्या की दोरा ढिला पडतो, बास. खुंटीला काय कावीळ झाली नव्हती. मी घरात ओरडून सांगितलं, तर चुलत्यानं कानफटात ठेवून दिली. पाचव्या दिवशी बैलगाडी जोडली."

गाडी दवाखान्यात पोचली तेव्हा उशीर झाला होता. मी माळ आणली नाही, पोराला दवाखान्यात नेलं. बाईंच्या सगळ्या शिक्षणाचं, पदव्यांचं, परदेशातल्या दोन वर्षांचं सार मला विचाराल तर त्या खुंटीत आहे. बाकीचं त्यांनी नंतर इंग्रजीत लिहिलं.

तर लेप्टोचं कार्ड. ते तयार झालं तेव्हा मॅडमच्या निवृत्तीला दोन पावसाळे उरले होते. पावसाळेच मोजायचे, कारण या आजाराचे रुग्ण लावणीतच येतात. तेव्हाच मावळातल्या दवाखान्यांत कार्डाची परीक्षा व्हायची, आणि पास झालं तर पुढं. पहिल्या परीक्षेपुरती कार्डं बनवली. त्यांत लावायचं प्रथिन तयार करण्यात अख्खा हिवाळा गेला होता. कार्डं कोरड्या हवेत पाकीटबंद करायचं यंत्र तळेगावच्या एका कारखान्यात होतं. मे महिन्यात तिथून ती भोसरीला आणायची कामगिरी माझ्याकडं आली.

"तिशीच्या वर तापमान जाता कामा नये," मॅडमनी बजावलं. "वाटेत थांबायचं नाही. भूक लागली तर गाडी चालवता चालवता केळं खा." खोक्यात त्यांनी पेनड्राइव्हएवढं एक यंत्र टाकलं. ते दर पाच मिनिटांनी तापमान टिपून ठेवतं.

देहूरोडला माझ्या चुलतभावाच्या मेहुणीचं लग्न होतं. मी गेलो नसतो तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मंगल कार्यालय अगदी रस्त्यावर होतं आणि आतून जिलेबीचा वास येत होता. म्हटलं, अक्षता टाकतो आणि निघतो. अक्षता टाकल्या तर पंगतीला बसवलं. पंगतीतून उठलो तर फोटोला उभं केलं. कंपनीचा टेम्पो बाहेर उन्हात, पत्र्याचं दार बंद.

अडीचला आठवण झाली. दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालं. खोकं हाताला चटका देत होतं. आता शहाणा माणूस काय करेल? मॅडमला फोन करेल. मी खोक्यातून ते यंत्र काढलं, समोरच्या रसवंतीत गेलो आणि रसवाल्याला म्हटलं, "भाऊ, हे जरा बर्फात ठेव." यंत्रानं थंडी टिपली की सरासरी बरोबर येईल, असा माझा हिशेब. तोवर मी आलं-लिंबू घातलेला रस घेतला. दोन ग्लास.

भोसरीत मॅडमनी यंत्र हातात घेतलं, बोटं एकमेकांना लावून बघितली, म्हणाल्या, "चिकट आहे." मग ते कॉम्प्युटरला जोडलं. पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ आली आणि मॅडम ती जन्मपत्रिका वाचावी तशी वाचू लागल्या.

"हे तळेगाव. अठ्ठावीस. छान. बारा वाजता गाडी उभी केलीत. रेघ चढायला लागली. चाळीस. पन्नास. छप्पन्न. मुहूर्त साडेबाराचा असणार." त्यांचं बोट रेघेवरून पुढं सरकलं. "अडीच वाजता छप्पन्नवरून एकदम शून्यावर." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बालाजीराव, देहूरोडला बर्फ पडला व्हय?"

त्या "व्हय"बरोबर माझा खेळ संपला. मी सगळं सांगितलं, जिलेबीसकट. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी खोकं उचललं आणि आत गेल्या.

दोन दिवस त्या कार्डं तपासत होत्या. तिसऱ्या दिवशी मालक आले. मालक पूर्वी रबराचे गास्केट बनवायचे. माणूस वाईट नव्हता, पण गास्केट बसलं म्हणजे बसलं, असा स्वभाव. टेबलावर कार्डं मांडलेली होती. प्रत्येकावर वरची रेघ, म्हणजे कार्ड चालू आहे हे सांगणारी, ठणठणीत.

"मॅडम, रेघ तर येतीय की," मालक म्हणाले. "जास्त आजार असलेल्या नमुन्याला दुसरीही येतीय. मग अडलं कुठं?"

"कमी आजाराच्या नमुन्याला येत नाही. वीस कार्डांत चौदांना आली नाही."

"फिकट केस. एवढं कोण बघतंय? सोमवारी कार्डं गेली नाहीत तर वर्ष गेलं. मी अजून एक वर्ष हे ओढू शकेन का, मला माहीत नाही. तुमचंच काम आहे, तुम्हीच सही करायची आहे."

मी दारात उभा होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या सोमवारभोवती मॅडमनी स्वतः लाल गोल काढला होता. सात महिन्यांपूर्वी काढला होता, मी बघितलं होतं.

"ज्याचा आजार पक्का झालाय त्याचे डोळे पिवळे दिसतात, शेठ," मॅडम म्हणाल्या. "त्याला कार्ड कशाला पाहिजे? कार्ड फिकटवाल्यासाठीच आहे. वाचणारा तोच असतो. रेघ दिसती आणि मानूस दिसत न्हाई, असलं कार्ड मी देनार न्हाई."

दोन "न्हाई" एका वाक्यात. मालकांनी खरोखरच खुर्ची मागं सरकवली. जाताना मला बघून म्हणाले, "निदान याला तरी काढतो."

"काढू नका," मॅडम म्हणाल्या, आता पुन्हा पुस्तकातल्या मराठीत. "हे कार्ड पावसात गावोगाव जाणार, एसटीच्या टपावरून, कुणाच्या तरी पिशवीतून. प्रत्येक गावात एक बालाजी असणार. कार्ड बालाजीला पुरून उरलं पाहिजे. ते बघायला मला खरा बालाजी लागेल."

मालक गेले. मॅडमनी खोडरबर घेऊन लाल गोल पुसायचा प्रयत्न केला; तो पेनाचा होता, पुसला गेला नाही. "दोन पावसाळे होते," त्या म्हणाल्या. "आता एक."

पुढचं वर्षभर मी शिक्षा भोगली. ऑक्टोबरच्या उन्हात आणि नंतर मार्च-एप्रिलच्या, कार्डं टेम्पोत ठेवायची, टेम्पो कंपनीच्या फाटकाबाहेर उभा करायचा आणि मी पुढं केबिनमध्ये बसायचं, डोक्यावर ओला पंचा घेऊन. दर तासाला एक पाकीट आत पोचवायचं. रसवंतीला जायला बंदी. समोरच्या वर्कशॉपमधली पोरं विचारायची, "भाऊ, टेम्पो बंद पडलाय का?" मी म्हणायचो, "संशोधन चालू आहे." ती पोरं एकमेकांकडं बघायची.

मॅडम आत कार्डातल्या पट्टीवर निरनिराळं मिश्रण घालून बघत होत्या. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून बाहेर आल्या. मी केबिनमध्ये अर्धा शिजलेला होतो. छप्पन्न अंश सोसूनही फिकट नमुन्याची रेघ येत होती. वीसपैकी वीस.

"काय घातलं, मॅडम?"

"साखर. एक विशिष्ट जातीची, पण साखरच. आधीही होती, कमी पडत होती. ती सुकली की प्रथिनाला धरून ठेवते, ऊन लागलं तरी." त्यांनी हेल्मेट काढलं. "त्या दिवशी कंट्रोलातून तांदळाऐवजी साखर आणली असतीत, तर माझं वर्ष वाचलं असतं."

दुसऱ्या पावसाळ्यात कार्ड परीक्षेला बसलं आणि पास झालं. मॅडम ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मालकांनी त्यांना कंपनीचा कणा म्हटलं. मॅडम उठल्या, नुसतं "फ्रीज क्रमांक दोनचं दार नीट लागत नाही, बघून घ्या" म्हणाल्या आणि बसल्या.

त्यानंतर त्यांना मी बघितलं ते गेल्या लावणीत. मावळातल्या उपकेंद्रांमध्ये आशाताईंना कार्ड कसं वापरायचं ते शिकवायला त्या आपणहून जात होत्या, आणि खोकी पोचवायला मी. त्यांच्या गावापासून दोन गावं अलीकडचं उपकेंद्र. मॅडमनी साडी वर खोचलेली, पायाला चिखल, गळ्यात चष्मा. सुरेखा नावाची आशाताई माहितीचा कागद मोठ्यानं वाचत होती. "पाकीट उन्हात ठेवू नये. गरम झाल्यास रसवंतीच्या बर्फात ठेवू नये." ती थांबली. "ताई, हे बी लिहावं लागतं व्हय?"

"लागतं," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंही नाही.

तेवढ्यात खाचरातून थेट आलेला एक माणूस बाकावर टेकला. तीन-चार दिवसांचा ताप, पिंढऱ्या दुखतायत, पण डोळे पांढरेस्वच्छ. "गोळी द्या, जातो, लावणी राह्यलीया," असं त्याचं चाललेलं. सुरेखानं बोट टोचलं, थेंब सोडला, घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांनी मी अनुभवी माणसासारखा पुढं झालो, कार्ड हातात घेतलं आणि जाहीर केलं, "एकच रेघ. काही नाही. जाऊ द्या त्यांना."

सुरेखानं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि दाराच्या उजेडात नेलं. "दोन हायेत," ती म्हणाली. "दुसरी फिकी हाय, पन हाय."

मॅडम उठल्या. कार्ड त्यांनी डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. एवढा वेळ त्यांना कुठल्याही कार्डाला लागलेला मी बघितला नव्हता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हाय."

मग एकदम घाई. सोबत द्यायची चिठ्ठी, दवाखान्यात फोन. तो माणूस लावणीचं म्हणत राहिला. मॅडम म्हणाल्या, "लावणी करायला मानूस लागतो, दादा. बसा गाडीत." माझ्याच टेम्पोत त्याला बसवलं. मी गाडी सुरू केली. "वाटेत लग्न लागलं तर थांबू नका," मॅडम खिडकीशी येऊन म्हणाल्या, आणि वळल्या. आरशात त्या दिसत होत्या, दारात उभ्या, कार्ड अजून हातात, उजेडाकडं धरलेलं.

गाडी हलता हलता ऐकू आलं, सुरेखा त्यांना विचारत होती, "ताई, हे भाऊ कंपनीतले मोठे सायब हायेत का?"

"नाही गं," मॅडम म्हणाल्या. "हे आमचे निगेटिव्ह कंट्रोल. यांच्यात काही नाही, हे आम्हाला पहिल्यापासून पक्कं माहीत आहे."